वाचलेले ओळखीचे वाटते, पण लिहिता येत नाही

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बी.एस्सी.चे दुसरे वर्ष, मुख्य विषय रसायनशास्त्र, करजणहून बडोद्याला रोजचे अप-डाउन, घरची भाषा मराठी, बारावीपर्यंतचे शिक्षण गुजराती माध्यमातून आणि आता सगळे इंग्रजीत. रोज चार-पाच तास अभ्यास होतो, प्रत्येक प्रकरण तीन-तीनदा वाचून होते, वाचताना समजतेही. तरीसुद्धा गेल्या सत्रात प्रश्नपत्रिका हातात आल्यावर डोके रिकामे झाले आणि एका विषयात एटीकेटी आली, म्हणजे तो विषय राहिला. आता परीक्षेला सात आठवडे उरले असताना तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: अभ्यासाचे तास वाढवावेत का, प्रवासात जाणाऱ्या वेळेचे काय करावे, आणि वडिलांना जड जाईल अशी फी भरून क्लास लावावा का.

मी बडोद्यात ३१ वर्षे भौतिक रसायनशास्त्र शिकवले आणि निवृत्तीनंतरही दांडिया बाजारातल्या घरी संध्याकाळी दोन-चार मुले वह्या घेऊन येतात. त्या अनुभवावरून लिहिते आहे. इतर विषयांबद्दल मला जे दुरून दिसते तेवढेच मी सांगू शकते, आणि तुमची वही प्रत्यक्ष पाहिली असती तर उत्तर अधिक नेमके देता आले असते.

तुम्ही लिहिले आहे की, ‘माझी स्मरणशक्ती कमी पडते.’ मला तसे वाटत नाही. बडोद्याच्या जुन्या शहरातल्या मांडवी या इमारतीजवळून तुम्ही कितीदा तरी गेला असाल. मांडवीचे चित्र समोर आले तर तुम्ही ती क्षणात ओळखाल. पण आत्ता कागद घेऊन, तिच्या एका बाजूला कमानी किती आणि वर मजले किती, हे काढून दाखवायला सांगितले तर या गावात जन्म गेलेली माणसेही अडखळतील. ओळखणे आणि आठवणे ही दोन वेगळी कामे आहेत. पुस्तक उघडे ठेवून तिसऱ्यांदा वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटते, त्या ओळखीलाच आपण ‘येते’ असे समजतो, आणि परीक्षा मात्र आठवण्याची असते. तुम्ही रोज चार-पाच तास जे काम करता ते परीक्षेत विचारलेच जात नाही.

तरीही हे तुमचेच दुखणे आहे, याची आधी खात्री करून घ्या. आज रात्री एक असे प्रकरण निवडा जे ‘झाले आहे’ असे तुम्ही मानता. पुस्तक दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्यातल्या एका दीर्घोत्तरी प्रश्नाचे उत्तर घड्याळ लावून लिहा. घरीही उत्तर अर्धवटच राहिले, तर मी वर म्हटले तोच प्रकार आहे आणि या उत्तराचा पुढचा बहुतेक भाग तुमच्यासाठी आहे. घरी उत्तर व्यवस्थित लिहिले गेले आणि फक्त परीक्षेच्या दालनातच हात थांबतो असे दिसले, तर प्रश्न धास्तीचा किंवा अपुऱ्या झोपेचा आहे. त्यासाठी विश्वासातल्या प्राध्यापकांशी किंवा समुपदेशकांशी बोलावे, नुसते अभ्यासाचे तंत्र बदलून भागणार नाही. आणि पुस्तक उघडे ठेवूनसुद्धा ‘हे असे का’ हे धाकट्या भावंडाला सांगता आले नाही, तर पाया कच्चा आहे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना ऊष्मागतिकी (थर्मोडायनॅमिक्स) अवघड जाते असे म्हणतात. पण मी जवळ बसून पाहिले तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना लॉगॅरिदम किंवा मोल ही संकल्पनाच नीट आलेली नव्हती. अशा वेळी दोन रविवार खुशाल अकरावीचे पुस्तक काढून बसावे. त्यात कमीपणा नाही.

आता मुख्य गोष्ट. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका गटाने एक उतारा चार सत्रांत पुन्हापुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेल्या तीन सत्रांत उतारा न पाहता जे आठवेल ते लिहिले. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते: त्यांना सुमारे ८३ टक्के आठवले, लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्याने मात्र पारडे फिरले. वाचणाऱ्यांकडे ४० टक्के उरले होते आणि लिहिणाऱ्यांकडे ६१ टक्के. त्यातही मला सर्वांत बोलकी वाटते ती ही गोष्ट की, आठवड्यानंतर किती आठवेल असे विचारल्यावर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांचाच आत्मविश्वास अधिक होता. परीक्षेच्या आदल्या रात्री ‘सगळे झाले’ असे वाटते आणि पेपर पाहिल्यावर काही सुचत नाही, हा अनुभव आपल्यापैकी कितीजणांचा आहे!

तो प्रयोग सोप्या उताऱ्यांवर होता, प्रमेयांवर किंवा गणितांवर नव्हता, हे लक्षात ठेवायला हवे. पण माझ्या वर्गात मी जे पाहिले ते याच्याशी जुळते. पहिली दहा-बारा वर्षे मी टिपणे उतरवून देत असे. माझी टिपणे चांगली असत. मुलांच्या वह्या सुंदर असत, रंगीत शाईने अधोरेखित केलेल्या असत, आणि तोंडी परीक्षेत ‘का?’ एवढा एकच शब्द विचारला की ती मुले छताकडे पाहत. मग एका वर्षी मी सोमवारच्या तासाची पहिली दहा मिनिटे कोऱ्या कागदाला दिली: मागच्या आठवड्यातले जे आठवते ते वही न उघडता लिहा, गुण नाहीत, कागद तुमचाच. महिन्याभरात मुलांनी तक्रार केली की, बाई शिकवत नाहीत, रोज परीक्षाच घेतात. तक्रार अगदीच खोटी नव्हती. मी तो प्रकार चालू ठेवला, कारण त्याच मुलांचे तोंडी परीक्षेतले छताकडे पाहणे त्या वर्षी कमी झाले होते.

तुम्ही हे घरी कसे करावे ते सविस्तर सांगते, कारण बहुतेकजण इथेच घाई करतात. एका वेळी पूर्ण प्रकरण घेऊ नका. सात-आठ पाने पुरेत. ती एकदा सावकाश, समजून वाचा. पुस्तक मिटा. पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने पंधरा मिनिटे लिहा. वाक्ये पुस्तकातली असण्याची गरज नाही. हा भाग कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, सूत्र कोणते, त्यातल्या प्रत्येक चिन्हाचा अर्थ आणि एकक काय, ते सूत्र कोणत्या अटीवर चालते, आणि एखादी आकृती, एवढे आले म्हणजे झाले. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला तुम्ही अडाल. त्या क्षणी पुस्तक उघडण्याचा मोह अनावर होतो, आणि नेमके तेव्हाच ते उघडायचे नसते. अडल्यावर डोके खाजवत घालवलेली ती दोन मिनिटे वाया जात नाहीत, खरा अभ्यास तोच असतो. पंधरा मिनिटे झाल्यावर पुस्तक उघडा आणि जे राहिले किंवा चुकले ते लाल पेनाने भरा. तो लाल मजकूर म्हणजे तुमचा उरलेला अभ्यास. पुढच्या वेळी सुरुवात तिथूनच करायची, पहिल्या पानापासून नाही.

एक उदाहरण देते. आदर्श वायूच्या समतापी, म्हणजे तापमान स्थिर ठेवून होणाऱ्या, प्रसरणातील कार्याचे सूत्र जवळजवळ सगळी मुले कागदावर लिहितात: एन-आर-टी गुणिले आकारमानांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉग. राहतो तो ‘रिव्हर्सिबल’ हा एक शब्द. वाचताना त्या शब्दावरून नजर सहज घसरते. पण तो राहिला की सूत्र कुठून आले हेच राहिले, कारण प्रक्रिया प्रत्यावर्ती, म्हणजेच रिव्हर्सिबल, असते म्हणूनच बाहेरचा दाब आणि वायूचा स्वतःचा दाब यांत नगण्य फरक असतो, आणि म्हणूनच बाहेरच्या दाबाच्या जागी वायूचा दाब लिहून पुढे संकलन (इंटिग्रेशन) करता येते. निर्वातात होणाऱ्या मुक्त प्रसरणात बाहेर दाबच नाही, म्हणून कार्य शून्य. हा धागा कागदावर तुटला की लाल पेनाला ताबडतोब दिसतो. चौथ्यांदा वाचूनही तो दिसला नसता.

आता पुन्हा केव्हा, हा प्रश्न. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरसमूह स्वतःच पाठ करून, किती वेळाने किती विसरतो हे मोजले आणि १८८५ मध्ये ते प्रसिद्ध केले. विसरणे सुरुवातीला झपाट्याने होते आणि मग मंदावते, ही त्याची नोंद आजही टिकून आहे. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी व्हायला हवी, मग तीन-चार दिवसांनी, आणि त्यापुढे अंतर वाढवावे. किती वाढवावे हे परीक्षा किती दूर आहे यावर अवलंबून असते. २००८ मधल्या एका मोठ्या अभ्यासात, चाचणी ३५ दिवसांनी असेल तर दोन अभ्यासांमध्ये सुमारे ११ दिवसांचे अंतर सर्वांत लाभदायक ठरले होते, आणि चाचणी आठवड्यावर असेल तर एका दिवसाचे. हा आकडा पंचांगासारखा पाळण्याचे कारण नाही. तुमच्या सात आठवड्यांत प्रत्येक भागाला दुसरा दिवस, पाचवा दिवस आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांनी एकदा, अशा तीन फेऱ्या मिळाल्या तर पुष्कळ झाले. फेरी म्हणजे पुन्हा कोरा कागदच, वाचन नव्हे. आणि या फेऱ्या पहिल्या वेळेपेक्षा लवकर होतात. मध्ये थोडे विसरायला होईल, त्याने घाबरू नका. थोडे विसरलेले खटपट करून आठवावे लागते, म्हणूनच ते पक्के होते.

भाषेचा मुद्दा तुम्ही जाता-जाता लिहिला आहे, पण माझ्या मते तो तुमच्या अडचणीचा अर्धा भाग आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी आहे, आणि आपल्याकडची कितीतरी मराठी मुले गुजराती शाळेतून तिथे येतात. म्हणजे विचार एका भाषेत, शाळेतली परिभाषा दुसऱ्या आणि उत्तरपत्रिका तिसऱ्या. यावर काहीजण सांगतात की आता विचारही इंग्रजीतच करा. मी तसे सांगणार नाही. समजून घेणे ज्या भाषेत सहज होते त्याच भाषेत करावे. भारतीय भाषांतल्या परिभाषेने तर कधीकधी काम सोपे होते. ‘अ‍ॅडियाबॅटिक’ या शब्दाकडे कितीही पाहिले तरी तो काही सांगत नाही. ‘रुद्धोष्म’ म्हटले की रुद्ध म्हणजे अडवलेली आणि ऊष्मा म्हणजे उष्णता, व्याख्याच हातात येते. मात्र समजून झाल्यावर कोऱ्या कागदावरचे लेखन इंग्रजीतच करायचे, पहिल्या दिवसापासून, चुकत-माकत. नाहीतर उत्तर मराठीत आठवते, त्याचे भाषांतर दालनात बसून करावे लागते, आणि वेळ तिथे जातो. तुम्हाला डोके रिकामे झाल्यासारखे वाटते त्यातला काही भाग हा असावा, असा माझा संशय आहे. कारण, अट, तुलना आणि निष्कर्ष सांगणारी आठ-दहा साधी इंग्रजी वाक्ये घटवून ठेवा. रसायनशास्त्राच्या उत्तराला त्याहून अधिक इंग्रजी क्वचितच लागते. पाठ्यपुस्तकातली लांबलचक वाक्ये घोकू नका. मधला एक शब्द सुटला की ती वाक्ये पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळतात.

गणिती उदाहरणांसाठी वेगळी गोष्ट सांगायची आहे. तुम्ही बहुधा एका प्रकारची दहा उदाहरणे सोडवता, मग पुढच्या प्रकारची दहा. त्यात हात वेगात चालतो, बरे वाटते. पण प्रकरणाचे नावच सूत्र सांगून टाकत असते. कोणते सूत्र लावायचे हे ठरवण्याची वेळ तुमच्यावर परीक्षेपर्यंत येतच नाही. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना घनाकृतींचे आकारमान काढायला दिले होते. एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवणाऱ्यांची सरावातली उत्तरे ८९ टक्के बरोबर होती, मिसळून सोडवणाऱ्यांची ६० टक्के. आठवड्याने चाचणी झाली तेव्हा पहिल्यांचे २० टक्के आणि दुसऱ्यांचे ६३ टक्के. म्हणून प्रकार एकदा समजला की समतापी, रुद्धोष्म, मुक्त प्रसरण, बंद पात्रातली अभिक्रिया अशी सगळ्यांची उदाहरणे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाका आणि हाताला येईल ती सोडवा. सोडवण्यापूर्वी फक्त एक ओळ लिहा: कोणता प्रकार आणि कशावरून ओळखला. माझ्या शेजारी वाणिज्य शाखेची एक मुलगी राहते, तिने हेच हिशेबातल्या नोंदींच्या दुरुस्त्यांसाठी केले आणि तिला उपयोग झाला; कायदा किंवा इतिहास शिकणाऱ्यांना ते कितपत लागू पडेल, हे त्यांच्या प्राध्यापकांनीच सांगावे.

आता तुमचे तीन प्रश्न.

तास वाढवू नका. प्रवास धरून तुमचा दिवस आधीच मोठा आहे आणि वाढवलेला तास झोपेतूनच कापला जाईल. दिवसा शिकलेले पक्के होण्याचे बरेचसे काम झोपेत होते, त्यामुळे तो सौदा तोट्याचा आहे. उलट कोऱ्या कागदाचे काम इतके थकवते की चार तास ते करणे बहुतेकांना झेपणारच नाही. दोन तास ते आणि तासभर उदाहरणे, एवढे पुरते. फोन त्या वेळी स्वयंपाकघरात ठेवावा. याहून अधिक काही फोनबद्दल लिहिण्यासारखे नाही.

प्रवासाबद्दल तुम्ही ‘वाया जातो’ असे लिहिले आहे. सकाळच्या गाडीत उभ्याने पुस्तक वाचण्याची धडपड करू नका, काही शिरत नाही. खिशात दहा चिठ्ठ्या ठेवा, एका बाजूला प्रश्न, मागे उत्तर; कालच्या कागदावरचा लाल मजकूर हेच त्यांचे साहित्य. आलेली चिठ्ठी तीन-चार दिवसांनी पुन्हा, न आलेली उद्याच. परतीच्या गाडीत चिठ्ठ्याही नकोत. डोळे मिटून आज पहिल्या तासाला काय झाले ते क्रमाने आठवा, मग दुसऱ्या तासाचे. जिथे धागा तुटेल तेवढेच घरी जाऊन वहीत पाहा. आणि गाडीला तासभर अवकाश असेल तर फलाटावर बसण्यापेक्षा विद्यापीठाच्या हंसा मेहता ग्रंथालयात बसून तो कोरा कागद तिथेच उरकावा, म्हणजे घरी पोचल्यावर निम्मे काम झालेले असते. माझा एक विद्यार्थी कमाटीबागेतून स्टेशनकडे चालत जाताना स्वतःशी मोठ्याने बोलत अभिक्रियांच्या पायऱ्या म्हणत असे. लोक वळून पाहत. त्याला त्याचे काही वाटत नसे, आणि पुढे तोंडी परीक्षेत त्याला घाम फुटलेला मी कधी पाहिला नाही.

मित्रांबरोबर अभ्यास करण्याबद्दल तुम्ही विचारले नाही, तरी एक वाक्य: एकाने पुस्तक धरून विचारायचे आणि दुसऱ्याने न पाहता सांगायचे, असे होत असेल तर जरूर करा, आयएमपी प्रश्नांच्या पीडीएफ एकमेकांना पाठवणे म्हणजे अभ्यास नव्हे.

राहिला क्लास. वर सांगितलेल्या चाचणीत पाया कच्चा निघाला असेल आणि महाविद्यालयात विचारायला कोणी नसेल, तर क्लासचा उपयोग होऊ शकतो. पण वाचूनही आठवत नाही एवढीच अडचण असेल, तर आणखी एका माणसाने तेच प्रकरण चौथ्यांदा समजावून सांगितल्याने ती सुटणार नाही. ऐकतानाही सगळे ओळखीचेच वाटेल. म्हणून आधी तीन आठवडे एकाच विषयावर, शक्यतो एटीकेटी आलेल्या विषयावर, ही पद्धत करून पाहा आणि मग मागची एक प्रश्नपत्रिका तीन तास लावून सोडवा. त्यानंतरही क्लास हवा असे वाटले, तर पैसे भरण्यापूर्वी एक दिवस मागच्या बाकावर बसून येण्याची परवानगी मागा आणि फळ्याकडे न पाहता मुलांच्या हातांकडे पाहा. तासाभरात मुलांनी स्वतः किती वेळ, फळ्यावरचे न उतरवता, काही सोडवले किंवा लिहिले, ते घड्याळात मोजा. पंधरा मिनिटेही भरली नाहीत, तर वडिलांचे पैसे वाचवा.